पोथीचे अक्षर आणि चोपड्याचे अक्षर

दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर, एक वृद्ध पालक आमच्या शाळेत आले. मूळचे ते शिंदखेडे तालुक्यातले. पुढे चाळीस वर्षे उधन्याच्या मागांवर काम करून सुरतकर झालेले. सोबत नववीत शिकणारा नातू होता आणि काखेत एक मळकट रुमाल. रुमालात तीन कागद निघाले. तिन्ही मोडीत. घराण्यात ते जमिनीचा पुरावा म्हणून चार पिढ्या जपलेले. मात्र त्यांतील एक ओळही कोणास वाचता येत नव्हती. आजोबा खानदेशात चौथीपर्यंत बाळबोध शिकलेले, त्यांचे चिरंजीव सुरतेत गुजराती माध्यमातून शिकलेले, आणि नातू आमच्या मराठी शाळेत. चार पिढ्यांच्या या घरात लिप्या तीन झाल्या आणि घरातली बोली मात्र आरंभापासून एकच राहिली, ती म्हणजे अहिराणी.

मोडी आम्हांसही धड येत नाही, हे मुख्याध्यापकाने कबूल करणे सुखाचे नसते. तथापि नातवाने जो प्रश्न विचारला तो त्याहून अवघड होता. चिनी लोकांची बोली प्रांतागणिक बदलते, एकाचे बोलणे दुसऱ्यास समजत नाही, परंतु लिहिलेले मात्र सर्वांना वाचता येते आणि दोन हजार वर्षांपूर्वीचेही वाचता येते, असे त्याने कोठेसे वाचले होते. "मग आपलेच असे का?" असे त्याने विचारले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नास उशिरा दिलेले उत्तर होय.

प्रथम चीनविषयीचे विधान तपासून घेणे अवश्य आहे, कारण ते अर्धे खरे आहे. चिनी चिन्ह ध्वनी दाखवीत नाही, शब्द दाखविते, हे स्थूलमानाने बरोबर. 'माणूस' या अर्थाचे दोन फाट्यांचे साधे चिन्ह उत्तरेकडील मनुष्य 'रन्' असे वाचतो, तर कँटनकडील 'यान्' असे. हे आपणांस विलक्षण वाटते. परंतु सुरतेच्या कापडबाजारात क्षणभर उभे राहिले तर त्यातले नवल ओसरते. ठाणावर २५ हा आकडा लिहिलेला असतो. आमचा मराठी हमाल तो 'पंचवीस' वाचतो, शेठजी 'पच्चीस', आणि आंध्रातून आलेला विणकर 'इरवै ऐदु'. चिन्ह एक आणि वाचन तीन, तरी हिशेबात घोटाळा नाही. अक्षरांतही असे एक उदाहरण आपल्या घरचेच आहे. 'ज्ञान' या शब्दातील पहिले जोडाक्षर मराठी माणूस 'द्न्य' असे उच्चारतो, गुजराती 'ग्न' असे आणि हिंदी भाषिक 'ग्य' असे. मूळ संस्कृत उच्चार या तिघांपैकी कोणीच करीत नाही. तरी कोणासही आपण चुकतो असे वाटत नाही, कारण अक्षर सर्वांना सांभाळून घेते.

मात्र येथे थांबले तर फसगत होईल. सर्वच चिनी चिन्हे ध्वनीविषयी मुकी नाहीत. बहुसंख्य चिन्हांत एक भाग अर्थाची जात सुचवितो आणि दुसरा उच्चाराची. 'घोडा' म्हणजे 'मा'. त्याच्या शेजारी 'स्त्री'चे चिन्ह बसविले की निराळ्या सुरातला 'मा' होतो, आणि तो म्हणजे आई. इसवी सन १००च्या सुमारास शू शन् याने रचलेल्या कोशात ९,३५३ चिन्हे ५४० वर्गांत लाविली आहेत. १७१६च्या खांग्शी कोशात तीच संख्या ४७,०३५ झाली. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. शतकानुशतके सर्व प्रांतांतील शिकलेले लोक जे लिहीत ते कोणाचीच बोली नव्हती. ती जुनी ग्रांथिक भाषा होती, आपल्याकडील संस्कृतासारखी. राजसेवेच्या परीक्षा १९०५मध्ये बंद झाल्या आणि १९१९च्या सुमारास तरुण लेखकांनी 'बोलतो तसे लिहू' अशी चळवळ केली, तेव्हा जे बोलणे लेखनात आले ते उत्तरेकडचे होते. तेव्हापासून कँटनचा मुलगा शाळेत जे वाचतो त्यातील 'तो' हा शब्दही त्याच्या घरचा नसतो. उत्तरेत 'था' म्हणतात, त्याच्या घरी 'खेय' म्हणतात, आणि या 'खेय'साठी कँटनकरांनी वापरात आणलेले वेगळे चिन्ह शाळेच्या निबंधात चालत नाही. ज्यांना आपण एका चिनी भाषेच्या बोली म्हणतो, त्या मँडरिन, वू, यूए, मिन्, हाक्का इत्यादींचे अंतर मराठी-गुजरातीच्या अंतरापेक्षा पुष्कळदा मोठे आहे. लिपी एक असल्यामुळे त्यांना 'बोली' म्हणवून घ्यावे लागते, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. उलट, चीन सोडून मध्य आशियात गेलेले दुंगान मुसलमान उत्तर चीनकडचीच बोली बोलतात. परंतु ते ती रशियन लिपीत लिहितात आणि त्यांची भाषा स्वतंत्र गणली जाते.

आता आपल्या शहराकडे वळू. लिप्यांच्या इतिहासात सुरतेचे स्थान मोठे आहे, आणि ते बहुतेक सुरतकरांना ठाऊक नाही. इंग्रज कंपनीचा येथील दलाल भीमजी पारेख याने १६७०च्या सुमारास कंपनीकडे मागणी केली, की विलायतेहून एक छापणारा पाठवावा. आपल्याला ब्राह्मणांचे जुने ग्रंथ छापावयाचे आहेत. ज्या शहराची शिवछत्रपतींनी १६६४ आणि १६७० अशी दोनदा लूट केली, त्याच शहरात, त्याच वर्षांत, एक वाणी ग्रंथ छापण्याचा विचार करीत होता! कंपनीने १६७४मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक पाठविला. तो छापू शकत होता, पण देशी अक्षरे कोरून खिळे ओतणे ही त्याची विद्या नव्हती. भीमजीने मग आपल्या माणसांकडून अक्षरे कोरविण्याचा यत्न केला. तथापि त्या उद्योगातून निघालेले एकही पुस्तक आजवर उपलब्ध झालेले नाही. अ. का. प्रियोळकरांनी भारतीय मुद्रणाचा इतिहास १९५८ साली ग्रंथरूपाने मांडला, त्यात हे प्रकरण आले आहे.

या हकिकतीत आमचे लक्ष एका बारीक गोष्टीने वेधले. कंपनीच्या पत्रव्यवहारात कोठे 'ब्राह्मणी' लेखनाचा उल्लेख आहे, तर कोठे 'बनियन' अक्षरांचा. हा शब्दांचा गोंधळ नव्हे. सुरतेत तेव्हा खरोखरच दोन अक्षरे नांदत होती. पोथी देवनागरीत लिहिली जाई. चोपडा, हुंडी आणि खाजगी पत्र हे वाणियाशाई, शराफी किंवा महाजनी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या घाईच्या अक्षरात. या अक्षराला शिरोरेषा नसे आणि पुष्कळदा काना-मात्राही नसत. 'काका अजमेर गया' असे लिहिलेले पत्र घरच्यांनी 'काका आज मरी गया' असे वाचले आणि रडारड झाली, ही गोष्ट व्यापारी अजून एकमेकांना हसत सांगतात.

आपल्याकडेही हीच जोडी होती. पोथीला बाळबोध आणि दफ्तराला मोडी. मोडी लिहिताना आधी कागदभर रेघ ओढावयाची आणि मग टाक शक्यतो न उचलता अक्षरे तिला लटकवीत जावयाचे. ऱ्हस्व-दीर्घाचा विचार नाही, थांबणे नाही. हेमाडपंताने ती लंकेहून आणली ही कथा प्रसिद्ध आहे. राजवाड्यांनी तिचे नाव फारसीतील 'शिकस्ता' म्हणजे मोडलेले या शब्दाशी जोडले. चीनमध्येही असे मोडलेले अक्षर आहे. त्याला ते 'गवताळ' लेखन म्हणतात. वाऱ्याने गवत एका बाजूस झुकावे तशी त्यातील फटकारे झुकलेली असतात. सारांश, ज्यांना पुष्कळ लिहावे लागते आणि लवकर लिहावे लागते त्यांचे अक्षर निराळे होते, हा नियम तापीकाठी, मुठेकाठी आणि पीत नदीच्या काठी सारखाच लागू पडला.

खरा फरक पडला तो छापखाना आला तेव्हा. दोन अक्षरांपैकी खिळ्यांत कोणते ओतावयाचे, हा निर्णय कोणीतरी घ्यावा लागला, आणि गुजरातने व महाराष्ट्राने तो नेमका उलट घेतला.

गुजरातीत चोपड्याचे अक्षर जिंकले. १७९७ साली मुंबईच्या 'बॉम्बे कुरियर'मध्ये गुजराती अक्षरांतील जाहिरात छापून आली. मूळचे सुरतेचे फर्दुनजी मर्झबान यांनी १८१२मध्ये मुंबईत छापखाना घातला आणि १८२२मध्ये 'मुंबई समाचार' काढला. हे पत्र घेणारा वर्ग पेढीवरचा होता. त्याला जहाजांच्या आणि भावांच्या बातम्या हव्या होत्या, आणि त्या त्याच्या सवयीच्या अक्षरात हव्या होत्या. काना-मात्रा नीट लावून त्याच अक्षराला पुस्तकाच्या पंक्तीत बसविण्यात आले आणि गुजराती ग्रंथांतून देवनागरी हळूहळू उठून गेली. शिरोरेषा नसलेली ती लिपी आज नरसिंह मेहत्याची पदे छापते आणि लग्नपत्रिकाही.

मराठीत आरंभ असा नव्हता. बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम कॅरीने आपले मराठी व्याकरण १८०५मध्ये देवनागरीत छापले, परंतु १८१०चा मराठी कोश त्याने मोडी खिळ्यांत छापला. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने तेथे मोडी पुस्तके निघत होती, त्याच सुमारास त्याच मिशनमध्ये जोशुआ मार्शमन चिनी चिन्हांचे धातूचे खिळे करवून घेण्याच्या खटपटीत होता; त्याचे चिनी व्याकरण १८१४मध्ये आणि संपूर्ण चिनी बायबल १८२२मध्ये तेथूनच बाहेर पडले. मोडी आणि चिनी ही दोन अक्षरे एका छताखाली ओतली गेली, हे आम्हांस फार उशिरा कळले. गंमत अशी, की त्या दोहोंपैकी जिला हजारो खिळे लागतात ती छापखान्यात टिकली, आणि जिला काही शेकडो पुरले असते ती टिकली नाही.

असे का झाले? मोडीचे अक्षर शेजारच्या अक्षरात शिरते. तिचा प्राण त्या सलगतेत आहे, आणि खिळा तर सुटा असतो. वाणियाशाईचे अक्षर मुळातच सुटे होते. हे एक कारण. दुसरे कारण, आमच्या मते अधिक वजनाचे, असे की मराठी मुद्रणाची सूत्रे पेढीवाल्यांच्या हाती नव्हती. ती सरकारी शाळाखाते, मिशनरी आणि पंडित यांच्या हाती होती. मोल्सवर्थचा १८३१चा कोश बाळबोधीत, दादोबा पांडुरंगांचे १८३६चे व्याकरण बाळबोधीत. हेच दादोबा पुढे सुरतेत शिक्षक होते. १८४४ साली दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी येथे मानवधर्मसभा स्थापिली. मराठीचा हा पाणिनी गोपीपुऱ्याच्या वा नाणपुऱ्याच्या गल्ल्यांतून हिंडताना दुकानांतील चोपड्यांकडे पाहून काय म्हणत असेल, याची कल्पना करण्याचा मोह आम्हांस अनेकदा होतो. शिळाछापावर मोडी पुस्तके निघत राहिली आणि शाळांत मोडी शिकविलीही जात होती. परंतु १९१७मध्ये मुंबई सरकारने कारभारात मोडीच्या जागी बाळबोध आणण्याचे ठरविले आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांतूनही गेली. हा निर्णय आम्हांस सर्वस्वी चुकीचा वाटत नाही. मराठी मुलाला त्यामुळे हिंदी आणि संस्कृत अनायासे वाचता आले. पण किंमत पडली. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील हजारो रुमाल, बडोद्याची गायकवाडी दफ्तरे, तंजावरच्या भोसल्यांचे कागद आणि सामान्य कुळंब्याच्या घरातील खतपत्रे ही सर्व एका पिढीत त्यांच्या वारसांना परकी झाली. २०१४मध्ये मोडीला संगणकाच्या जागतिक संकेतप्रणालीत स्थान मिळाले, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र संगणकात अक्षर असणे निराळे आणि वाचणारा डोळा असणे निराळे.

चीनने तिसराच मार्ग काढला. १९५६मध्ये तेथील सरकारने चिन्हे सोपी करण्याची योजना जाहीर केली, तेव्हा अनेक सोपी रूपे नव्याने शोधली नाहीत. गवताळ लेखनात आणि दुकानदारांच्या चिठ्ठ्यांत जी शतकानुशतके चालत आली होती, तीच उचलून छापील केली. घोडा, गाडी, पुस्तक, पूर्वदिशा यांची चिन्हे अशीच मोडी रूपातून सरळ झाली. हाँगकाँग आणि तैवानने जुनी रूपे ठेवली. १९५८मध्ये रोमन अक्षरांतील उच्चारलेखन मान्य झाले, पण ते शाळेतील कुबडीसारखे. चिन्हांची जागा त्याने घेतली नाही. तेव्हा 'चिनी मुलाला दोन हजार वर्षांपूर्वीचे वाचता येते' हे विधानही सावधपणे घ्यावे. चिन्हे त्याला ओळखू येतील, काही येणारही नाहीत. अर्थ मात्र शिकवावा लागेल, जसा आपल्या मुलाला ज्ञानेश्वरीचा शिकवावा लागतो.

येथवर अक्षरांची हकिकत झाली. नातवाच्या प्रश्नाचा अर्धा भाग बोलीविषयी होता, आणि आम्ही शिक्षक ज्यात प्रत्यक्ष गुंतलेलो आहोत तो हाच.

१९००च्या सुमारास तापी खोऱ्यातील रेल्वे पुरी झाली आणि सुरत भुसावळशी जोडली गेली. त्या रुळांवरून खानदेश सुरतेत आला. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा येथील गल्ल्यांत आज जे ऐकू येते त्याला वरवर ऐकणारा मराठी म्हणतो. पण आमच्या वर्गात पहिल्या दिवशी येणारे मूल 'मना नाव अमुक शे' असे म्हणते. पुस्तकात 'माझे नाव अमुक आहे' असते आणि शेजारचे गुजराती मूल 'मारुं नाम अमुक छे' म्हणते. 'शे' हा 'आहे'च्या जवळचा की 'छे'च्या, हे सांगण्यास भाषाशास्त्री लागत नाही. षष्ठीचा प्रत्यय पाहावा तर अहिराणीत 'ना-नी', गुजरातीत 'नो-नी-नुं', मराठीत 'चा-ची-चे'. उलट 'माले', 'तुले' ही रूपे 'मला', 'तुला'च्या वळणाची. 'ळ' त्या मुलाच्या तोंडी 'य' होतो. तो 'शाळे'त येत नाही, 'शाया'त येतो. ग्रिअर्सनच्या भाषापाहणीत मराठीचा खंड १९०५मध्ये निघाला, त्यात कोकणी आहे, खानदेशी नाही. खानदेशी आली ती १९०७च्या, भिल्ली बोलींच्या खंडात. २०११च्या जनगणनेत खानदेशी स्वतंत्र भाषा म्हणून मोजली आहे आणि तिचे भाषक अठरा लाखांहून अधिक भरले आहेत. आमचा अनुभव असा, की लिंबायतचा अहिराणी भाषक शिरगणतीवाल्यास बहुधा 'मराठी' असेच सांगतो; म्हणून खरा आकडा यापेक्षा मोठा असावा, असे आमचे अनुमान आहे.

तो 'मराठी' का सांगतो? कारण त्याने जे काही वाचले ते बाळबोधीत. येथे चीनचा दाखला उपयोगी पडतो. कँटनकराला चिन्हांनी चिनी ठेवले, तसे खानदेश्याला बाळबोधीने मराठी ठेवले. आणि लिपी बदलली की नाते कसे बदलते हे पाहावयास आम्हांस दूर जावे लागत नाही. सुरतेच्या दक्षिणपूर्वेस डांग आहे. डांगी मराठीची बोली की गुजरातीची, यावर दोन्ही बाजूंच्या विद्वानांनी पूर्वी कडाक्याचा वाद घातला. १ मे १९६० रोजी डांग गुजरात राज्यात गेला आणि तेथील मुले गुजराती अक्षरे गिरवू लागली. बोली तीच. जनगणनेचे लोक तिला खानदेशीच्या सदरात घालतात. परंतु डांगचा मुलगा आज स्वतःस गुजराती वाचक समजतो, आणि सीमेपलीकडे साक्री-नवापूरकडे राहणारा त्याचा आतेभाऊ मराठी. बोली त्यांना जवळ ठेवते, पाटी दूर नेते. कोकणीवर तर ही वेळ अधिक कठीण आली. देवनागरी, रोमन, कानडी, मल्याळम् आणि फारसी-अरबी अशा पाच लिप्यांत ती विभागली गेली आणि एकाचे पुस्तक दुसऱ्यास वाचता येईना.

आम्ही तीस वर्षे शुद्धलेखन तपासीत आलो. 'शे' लिहिणाऱ्या मुलाच्या वहीवर तांबडी रेघ मारणारे हात आमचेच होते, आणि तेव्हा आम्ही त्याला 'अशुद्ध' म्हटले. आज तसे म्हणणार नाही. प्रमाण मराठी त्याला आली पाहिजे, यात शंका नाही. बाळबोधीचा हा मोठा वाडा त्याला मोकळा असलाच पाहिजे. परंतु 'शे' ही चूक आहे असे सांगणे म्हणजे कँटनच्या मुलास 'खेय' ही चूक आहे असे सांगण्यासारखे होय. ती दुसरी भाषा आहे, आणि तिला बाळबोधीत लिहिण्यास काहीच अडचण नाही. खानदेशातल्याच बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२मध्ये ग्रंथरूपाने आली, तेव्हा तिथली एक बोली बाळबोधीत अलगद बसली. ज्या बाई स्वतः निरक्षर होत्या त्यांचा शब्द त्यांच्या चिरंजिवांनी, सोपानदेवांनी, पोथीच्या अक्षरात उतरविला होता. आता आमच्या शाळेत पाचवीपर्यंतच्या वर्गांत आठवड्यातून एक तास मुले घरच्या बोलीत लिहितात. तेलुगू घरचे एक मूलही मराठी वर्गात आहे, तेही लिहिते. त्या वह्यांवर तांबडी शाई वापरावयाची नाही, असे ठरले आहे. काही सहकाऱ्यांस हे पसंत नाही, आणि त्यांची भीती अगदीच निराधार आहे असेही आम्ही म्हणत नाही.

असो. ते तीन कागद आम्ही बडोद्याच्या एका मोडी जाणणाऱ्या स्नेह्यांकडे पाठविले होते. पावसाळ्यानंतर ते बाळबोधीत उतरून आले. दोन कागद सावकाराच्या देण्याघेण्याचे निघाले. तिसरा स्टँपकागदावरील गहाणखत होता. जमिनीचा पुरावा म्हणून घराण्याने जो जपला, तो जमीन गेल्याचा पुरावा होता. भाषा शुद्ध दफ्तरी मराठी. जे घर 'शे'वाचून बोलत नव्हते त्याच्या तोंडी लेखकाने 'लिहून देतो ऐसाजे' घातलेले. आजोबांनी सर्व ऐकून घेतले आणि मूळ कागद मागितला. तळाशी लिहिणाऱ्याच्या सहीशेजारी शाईने नांगर काढलेला होता. निरक्षर कुळंबी सहीऐवजी अशी नांगराची निशाणी करीत. नातवाने तो कागद उजेडात धरला आणि ते चित्र बोटाने दाखवीत आजोबांना म्हणाला, "बाबा, हाई मले वाचता ई ऱ्हायनं."